रत्नागिरी दर्शन: थिबा दहा मिनिटांत

जानेवारीतल्या एका शनिवारी आई-बाबांना घेऊन 'रत्नागिरी दर्शन' केलं. स्वतः गाडी चालवत, नकाशातल्या बाईशी भांडत नाही, तर चक्क तिकीट काढून, सतरा माणसांच्या मिनी बसमध्ये बसून, गाईडच्या मागे मागे. मला खरं तर अशा सहलींची अ‍ॅलर्जी आहे. पण बाबांचे गुडघे आणि आंबा घाट यांचं गणित बसेना, म्हणून हा तह झाला.

चढतानाच हातात एक छापील कागद मिळाला. टिळक जन्मस्थान २० मिनिटं. पतितपावन मंदिर १५ मिनिटं. रत्नदुर्ग ४५ मिनिटं. थिबा राजवाडा १० मिनिटं. मग जेवण, आरे-वारे, मालगुंड, गणपतीपुळे. आमच्या ऑफिसातल्या स्प्रिंट प्लॅनिंगपेक्षा हे वेळापत्रक काटेकोर होतं, आणि पाळलंही गेलं. (यावरून कोणी काय तो बोध घ्यावा.)

गाईड म्हणजे एक निवृत्त शिक्षक. सगळी बस त्यांना पहिल्या पाच मिनिटांतच गुरुजी म्हणायला लागली. त्यांची सांगण्याची पद्धत छान होती. सनावळी तोंडपाठ, आणि मध्येच "काय हो, मागचे झोपले काय?" अशी हाक. फक्त एक अडचण होती. प्रत्येक ठिकाणाची गोष्ट त्या ठिकाणीच सुरू व्हायची आणि बसचं दार लागलं की संपायची. हा लेख म्हणजे त्या दारांच्या मधल्या जागेत मला जे दिसलं ते लिहून काढायचा प्रयत्न.

पहिला थांबा टिळक आळी. कौलारू घर, अंगण, मागे माड. लोकमान्यांचा जन्म इथला, २३ जुलै १८५६ चा. वडील गंगाधरपंत रत्नागिरीत शिक्षक होते, मूळ गाव दापोलीजवळचं चिखलगाव. दहा वर्षांचे असताना, म्हणजे १८६६ च्या सुमारास, टिळक कुटुंब पुण्याला गेलं. बाबा इथे चपला काढून बराच वेळ उभे राहिले. आमच्या घरात 'गीतारहस्य'ची एक जुनी प्रत आहे, पुठ्ठा निघालेली. लहानपणी तिला हात लावायचा तर आधी हात धुवावे लागायचे.

दुसरा थांबा पतितपावन मंदिर. सावरकरांना १९२१ साली अंदमानातून परत आणल्यावर काही काळ रत्नागिरीच्या तुरुंगात ठेवलं होतं. मग येरवडा. जानेवारी १९२४ मध्ये सुटका झाली ती दोन मुख्य अटींवर: रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही. ही स्थानबद्धता १९३७ पर्यंत चालली. त्या काळात त्यांनी अस्पृश्यतेविरुद्धचं काम हाती घेतलं, सहभोजनं केली, आणि १९३१ मध्ये भागोजीशेठ कीरांच्या पैशातून हे सर्व जातींसाठी खुलं मंदिर उभं राहिलं. १९२७ मध्ये गांधीजी रत्नागिरीला आले तेव्हा सावरकरांना भेटून गेले. गुरुजींनी हे सगळं पंधरा मिनिटांत बसवलं. मानलं बुवा.

मग रत्नदुर्ग, आणि मग थिबा राजवाडा.

दहा मिनिटं. बाबा बसमधून उतरलेच नाहीत. "त्यात काय बघायचंय? बायकोच्या मुठीतला राजा. राज्य घालवलं आणि इथे येऊन पेन्शन खाल्ली." आई मात्र उतरली. उतरती छपरं, अर्धगोल कमानींच्या खिडक्या, उंचावरची जागा आणि समोर खाली भाट्याची खाडी. गुरुजी म्हणाले, "हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. इंग्रजांनी त्याला इथं आणून ठेवला. हा राजवाडा त्याच्यासाठी बांधला. चला, फोटो काढून घ्या." बहुतेकांनी फोटो काढले. मीही काढला. आणि परत येऊन बसमध्ये बसल्यावर फोनवर सहज थिबाबद्दल वाचायला लागलो, तो आरे-वारेचा समुद्र कधी आला आणि गेला कळलंच नाही. (आईने नंतर यावरून बोलणी घातली, ती रास्त होती.)

तर थिबाची गोष्ट थोडक्यात. मंडाले ही राजधानी वसवली त्याच्या वडिलांनी, राजा मिंडॉनने. १८७८ मध्ये थिबा गादीवर आला. पुढच्याच वर्षी गादीला धोका नको म्हणून राजघराण्यातल्या सत्तर-ऐंशी माणसांची कत्तल झाली. यात राणी सुपायालात आणि तिच्या आईचा हात मोठा मानतात, पण राजा थिबा होता, तेव्हा तो काही धुतल्या तांदळासारखा नव्हता हे आधीच सांगून टाकतो.

राज्य गेलं ते मात्र या पापामुळे नाही. गेलं सागवानामुळे. 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' नावाची, १८६३ मध्ये स्थापन झालेली आपल्या मुंबईतली कंपनी ब्रह्मदेशात सागवान तोडत होती. ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेले आणि पैसे बुडवले, असा आरोप ठेवून मंडालेच्या दरबाराने तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. त्यातच थिबा फ्रेंचांशी बोलणी करतोय याचा इंग्रजांना धसका होता. दंडाचं निमित्त मिळालं, निर्वाणीचा खलिता गेला, आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजी फौज इरावतीतून बोटींनी वर गेली. दोन-तीन आठवड्यांत खेळ खलास. १ जानेवारी १८८६ ला वरचा ब्रह्मदेश साम्राज्यात सामील केल्याचं जाहीर झालं.

ती कंपनी अजून आहे बरं का. आता वाडिया समूहात आहे, आणि ब्रिटानिया ही तिचीच उपकंपनी. आमच्या बसमध्ये अकरा वाजता चहाबरोबर जी बिस्किटं वाटली त्यांच्या पुडक्यावर ब्रिटानियाच होतं. कुणाचा दोष म्हणून सांगत नाहीये, दीडशे वर्षांत मालक आणि धंदे सगळंच बदललंय. पण इतिहास किती जवळ बसलेला असतो, अगदी मांडीवरच्या पुडक्यात, हे वाटून गेलं.

राज्य गेलं तेव्हा थिबाचं वय होतं सव्वीस. आपल्यातले बरेच जण त्या वयात पहिली नोकरी बदलायच्या विचारात असतात. त्याला, दोन राण्यांना आणि मुलींना आधी मद्रासला नेलं आणि एप्रिल १८८६ मध्ये बोटीने रत्नागिरीला आणलं. पुढची तीस वर्षं तो इथेच होता. १९१६ च्या डिसेंबरमध्ये इथेच वारला.

आता राजवाड्याची गंमत बघा. दहा मिनिटांचा थांबा घेणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की थिबा आला आणि या राजवाड्यात राहिला. मलाही तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात चोवीस वर्षं तो भाड्याच्या बंगल्यांमध्ये राहिला. या राजवाड्यात राहायला आला तो १९१० च्या अखेरीस. म्हणजे या देखण्या वास्तूत त्याची जेमतेम सहा वर्षं गेली.

१९१०. इथे मी फोन खाली ठेवला. हे साल मी कुठेतरी ऐकलं होतं.

तुमच्या लक्षात आलं असेलच. टिळकांना २२ जुलै १९०८ ला, म्हणजे वाढदिवसाच्या आदल्या रात्री, राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. काही दिवस साबरमतीला ठेवून मग पाठवलं मंडालेला. 'मंडालेचा तुरुंग' हे शब्द आपण शाळेपासून ऐकतो. पण तो तुरुंग मंडालेत नक्की कुठे होता, हे मी कधी विचारलंच नव्हतं. तो होता थिबाच्या राजवाड्याच्या तटबंदीच्या आत. सुमारे दोन किलोमीटर लांब बाजू असलेला चौरस कोट, भोवती खंदक. इंग्रजांनी त्याचं नाव ठेवलं फोर्ट डफरिन, आत छावणी केली, राजवाड्याच्या एका भागात साहेबांचा क्लब काढला, आणि आवारात तुरुंग. लाला लजपत रायना १९०७ मध्ये मंडालेच्या किल्ल्यातच ठेवलं होतं. पुढे १९२५ मध्ये सुभाषबाबूंनाही मंडालेच्याच तुरुंगात पाठवलं.

म्हणजे रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेच्या राजाच्या कोटात कैदी, आणि त्या कोटाचा धनी रत्नागिरीत कैदी. दोघेही एकाच वेळी, एकाच सरकारचे. 'गीतारहस्य' लिहिलं गेलं १९१०-११ च्या हिवाळ्यात, पेन्सिलीने, कारण शाई मिळत नव्हती. नेमका त्याच हिवाळ्यात थिबा रत्नागिरीत नव्या घराची खोकी उघडत होता. १९१२ मध्ये टिळक मंडालेत असताना इकडे पुण्यात सत्यभामाबाई वारल्या. त्याच वर्षी रत्नागिरीत थिबाची धाकटी राणी सुपायागले वारली. एकाला घरच्यांजवळ जाता आलं नाही, दुसऱ्याला घरच्या माणसाला मायदेशी नेता आलं नाही.

हे मी बाबांना गणपतीपुळ्याच्या रांगेत सांगितलं. मला वाटलं होतं ते थक्क होतील. ते चिडले.

"लोकमान्य आणि तो, एका पंगतीत? लोकमान्य देशासाठी गेले. यानं स्वतःच्या भावंडांना मारलं."

मुद्दा बरोबर होता. मी म्हटलं, "बाबा, माणसं सारखी आहेत असं मी म्हणतच नाहीये. फाईल एक आहे." नोकरीची भाषा अशी कुठेही तोंडात येते. पण मला म्हणायचं होतं ते हेच. इंग्रज सरकारच्या लेखी थिबा, टिळक, सावरकर हे तीन स्वभावांचे, तीन विचारांचे लोक नव्हतेच. ज्याच्याभोवती माणसं गोळा होतात तो माणूस, आणि त्याच्याभोवती माणसं गोळा होणार नाहीत अशी जागा, एवढंच कोष्टक. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्याच कारभारात होता, त्यामुळे मंडाले ते रत्नागिरी ही त्यांच्या लेखी चक्क खात्याअंतर्गत बदली! ही रीत जुनी होती. १८५८ मध्ये बहादूरशाह जफरला दिल्लीहून रंगूनला धाडलं, तो तिथेच १८६२ मध्ये गेला. राजा तिकडचा इकडे, इकडचा तिकडे. मारायचं नाही, कारण मेलेला राजा हुतात्मा होतो. फक्त त्याला अशा ठिकाणी ठेवायचं की जिथे त्याची भाषा बोलणारं कोणी नाही. आणि वरच्या ब्रह्मदेशात तर थिबा गेल्यावरही कित्येक वर्षं लोक लढत राहिले होते, तेव्हा राजा जितका लांब तितका बरा.

मग रत्नागिरीच का? बसच्या खिडकीतून बाहेर बघितलं की उत्तर दिसतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री. जिल्ह्याचं ठिकाण, त्यामुळे नजर ठेवायला कलेक्टर आणि पोलीस आहेत. पण रेल्वे नाही. ती यायला १९९० चं दशक उजाडलं, आणि पूर्ण कोकण रेल्वे सुरू झाली १९९८ मध्ये. थिबाच्या काळी येणं-जाणं मुख्यतः बोटीने, आणि पावसाळ्याचे चार महिने समुद्र खवळला की बोटी बंद. म्हणजे वर्षातला एक तृतीयांश काळ तुरुंगाचं दार निसर्गच लावून घ्यायचा. फुकटात.

आमच्या सहलीच्या कागदावर रत्नागिरीचं वर्णन होतं, 'निसर्गरम्य, शांत, गर्दीपासून दूर'. मला हसू आलं. एखाद्या साहेबाने थिबासाठी जागा सुचवताना नेमकं हेच लिहिलं असेल. आपण ज्यासाठी पैसे भरून येतो, त्याच गुणांसाठी या जागेची तुरुंग म्हणून निवड झाली. फरक एवढाच की रविवारी संध्याकाळी आपली परतीची गाडी असते.

आणि कोकणातल्या माणसांनी याच्या उलट दिशेचा प्रवास केला, तोही त्याच कारणामुळे. घाट आणि समुद्र यांच्यामध्ये पोट भरेना म्हणून ते बोटीने मुंबईला गेले. माझ्या आईचे आजोबाही गेले, गिरणीत. आई रांगेत म्हणाली, "आमच्या आजोबांना गावाला यायचं असायचं आणि येता यायचं नाही. त्या राजाला जायचं असायचं." एवढं बोलून ती प्रसादाच्या खिडकीकडे वळली. माझ्या तासाभराच्या वाचनाचं सार तिने दोन वाक्यांत सांगितलं.

परतीच्या वाटेवर मी गुरुजींना विचारलं, थिबाची समाधी कुठे आहे हो? त्यांनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं. "शिवाजीनगरात. कोणी विचारत नाही. प्रवासी मंडळींची हरकत नसेल तर दहा मिनिटं थांबवतो." हरकत कोणी घेतली नाही. आई-बाबा धरून सात जण उतरलो.

जागा साधी. भोवती वस्ती, घरं, कोणाचे तरी वाळत घातलेले कपडे. आणि मधे समाधी. इथे गुरुजी एकदम मोकळे झाले, जणू कागदावरची मिनिटं संपली होती आणि आता ते स्वतःचं काही सांगू शकत होते. थिबा गेला तेव्हा त्याला इथे पुरायला सुपायालात राणी तयार नव्हती. तिला त्याला ब्रह्मदेशात न्यायचं होतं. सरकार ते होऊ देणार नव्हतं, कारण मेलेल्या राजाचीही भीती असतेच. ही ओढाताण दोन वर्षांहून जास्त चालली. अखेर १९१९ मध्ये थिबा आणि धाकटी राणी यांच्या शवपेट्या इथे ठेवल्या गेल्या. त्याच वर्षी राणीला रंगूनला परत जाऊ दिलं. मंडालेला नाही, रंगूनला. ती १९२५ मध्ये तिथे गेली.

"आणि मुलगी?" आईने विचारलं. आईला असे प्रश्न बरोबर सुचतात.

थिबाला चार मुली होत्या. थोरलीचं मन जडलं राजवाड्यावरच्या नोकरावर, गोपाळ सावंत यांच्यावर. त्यांचं लग्न आधीच झालेलं होतं. १९०६ मध्ये तिला मुलगी झाली, टूटू. घराणं १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परतलं तेव्हा थोरलीही गेली, पण पुढे मुलीला घेऊन परत रत्नागिरीला आली. आली ती कायमची. १९४७ मध्ये ती इथेच वारली. टूटू इथेच वाढली, इथेच संसार केला, कष्टात दिवस काढले. ती मराठीच बोलायची. २००० साली ती गेली तेव्हा चौऱ्याण्णवच्या आसपास होती.

२००० साली! मी तेव्हा शाळेत होतो. त्या काळात आमची शाळेची सहल रत्नागिरीला आली होती. आम्ही राजवाडा बघितला, बहुतेक दहाच मिनिटं. त्या राजाची सख्खी नात त्याच गावात राहत होती, आमचीच भाषा बोलत होती, आणि आम्हाला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी आम्ही गणपतीपुळ्याच्या समुद्राचीच वाट बघत होतो म्हणा. पण तरीही.

"ती माणसं आमच्यातच मिसळून गेली हो," गुरुजी म्हणाले. "राजे-बिजे काही नाही. आमच्यातलीच."

मला वाटतं, सरकारचा हिशोब इथे चुकला. ज्याची भाषा कोणी बोलत नाही अशा जागी माणसाला टाकलं की तो एकटा पडेल, हा त्यांचा अंदाज. थिबाच्या बाबतीत तो खराही ठरला. पण त्याच्या मुलीने ती भाषाच आपली केली. टिळकांनी एकांतात ग्रंथ लिहिला, सावरकरांनी जिल्ह्याच्या हद्दीत राहून मंदिर उभं केलं. हे तिघं तीन वाटांनी गेले आणि ती थोरली राजकन्या चौथ्या. तिच्या वाटेला पाटी नाही, एवढंच.

बरं, हा विषय सगळेच विसरलेत असंही नाही. मे २०१२ मध्ये मनमोहन सिंग म्यानमारला गेले तेव्हा त्यांनी जफरच्या मजारीवर जाऊन आदरांजली वाहिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत याच समाधीपाशी येऊन गेले. दोन्ही देशांनी एकमेकांच्या मातीत राहिलेला आपापला शेवटचा राजा बघून घेतला. मंडालेचा मूळ राजवाडा मात्र १९४५ मध्ये युद्धात जळाला. आज तिथे दिसतो तो १९९० च्या दशकात नव्याने बांधलेला. म्हणजे थिबा राहिला ते मूळ घर बघायचं असेल तर रत्नागिरीलाच यायला हवं.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. आम्ही वळलो तेव्हा बाबा दिसेनात. ते समाधीच्या मागच्या बाजूला उभे होते. चपला काढलेल्या होत्या. सकाळी टिळक आळीत उभे होते तसेच, फक्त हात जोडलेले नव्हते, मागे बांधलेले होते. मी काही विचारलं नाही.

बसमध्ये बसल्यावर तेच म्हणाले, "माणूस चांगला नव्हता."

मी म्हटलं, "नव्हता."

"पण तीस वर्षं म्हणजे फार झाली रे."

असो. गुरुजींना उतरताना सुचवलं की टिळक आळीतून निघाल्यावर थेट थिबाच्या राजवाड्यावर बस न्या आणि मधल्या वाटेत १९१० च्या हिवाळ्याची गोष्ट सांगा. वेळ एक मिनिटानेही वाढणार नाही, फक्त क्रम बदलेल. ते म्हणाले, "बघतो. पण मग लोक राजवाड्यात दहा मिनिटांत आटपायचे नाहीत." ही भीती खरी असली तर फारच उत्तम :-)

तुम्ही गेलात तर राजवाड्याच्या आतही जा, तिथे सरकारी संग्रहालय आहे, सोमवार टाळा. आणि शिवाजीनगरात उतरा. कागदावर नसलं तरी.

घरी आल्यावर रविवारी रात्री बाबांनी 'गीतारहस्य'ची ती जुनी प्रत काढली आणि प्रस्तावनेत जिथे मंडालेच्या तुरुंगाचा उल्लेख येतो ते पान शोधून माझ्यापुढे धरलं. "यात कोटाचं काही लिहिलंय का बघ."

मी हात धुऊन आलो आणि वाचायला बसलो.